रबर जळल्याचा वास

मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून म्हणत नाही, पण वासांच्या बाबतीत आपली भाषा भलतीच श्रीमंत आहे. भाजलेले शेंगदाणे खमंग, भाकरीचा पापुद्रा खरपूस, दूध लागलं की करपट, जुनं तेल खवट, पावसाळ्यात न वाळलेले कपडे कुबट, बंद खोली कोंदट. पाचवीच्या वर्गात मी मुलांना असे शब्द गोळा करून आणायला सांगत असे. एका मुलाने एकदा सत्तावीस आणले होते. त्यांतले चार-पाच वर्गात मोठ्याने वाचण्यासारखे नव्हते, पण मी मार्क कापले नाहीत.

रबर जळल्याच्या वासाला मात्र स्वतःचा असा शब्द नाही. आपण नुसतं "रबर जळल्यासारखा वास येतोय" म्हणतो. म्हणजे ज्याने रबर जळताना कधी हुंगलंय त्यालाच ते कळणार. मी हुंगलेलं आहे. साठच्या दशकात आमच्या गावी पावसाळा लागला की सरपण ओलं व्हायचं. नुसत्या रॉकेलने काम भागायचं नाही. मग आई सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापायची, ती पेटवून चुलीत सरकवायची. पट्टी चांगला वेळ जळत राहायची आणि तेवढ्यात लाकूड धरायचं. पण तो वास! घशाच्या मागे जाऊन बसायचा. काळ्या काजळीच्या चिंध्या छपरापर्यंत तरंगत जायच्या आणि आईच्या लुगड्याला तो वास संध्याकाळपर्यंत राहायचा. पुढे कधीतरी वाचलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं की टिकाऊ होतं, ही युक्ती चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाने शोधली आणि १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. तेव्हा कळलं, त्या वासात दिवाळीच्या फटाक्यासारखं काहीतरी का असायचं ते. असो.

हे पुराण लावायचं कारण असं, की २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या गाडीत मला हाच वास आला, आणि तो खरोखर येतोय एवढं दुसऱ्या माणसाला पटवायला मला सात आठवडे लागले.

आम्ही दोघंच वाईला राहतो. ह्यांचं २०२२ पासून डायलिसिस चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी साताऱ्याला जायचं, चार तास मशीनवर, की परत. पाचवडपर्यंत आतला रस्ता, तिथून हायवे, मध्ये आनेवाडीचा टोलनाका. ह्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, त्या हातावर जोर पडू द्यायचा नाही, त्यामुळे चालवते मी. गाडी शिकले १९९९ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी. तेव्हा शाळेत चर्चेचा विषय झाला होता तो. आता बाहत्तरीला परत झाला, एवढंच.

आमची गाडी लहानशी, पेट्रोलवरची, तेव्हा चौदा वर्षांची होती. सकाळी सहाला निघायचो. वाईची पहाटेची हवा मार्चमध्येही गार असते, काचा थोड्या खाली करून जायचो. परतताना साडेबाराचं ऊन. तेव्हा एसी लावावाच लागे. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, चहा-आमटीसुद्धा त्या मापातच धरायची. ऊन लागलं की तहान लागते, तहान लागली की माणूस पाणी मागतो, आणि नाही म्हणणं माझ्या वाट्याला येतं. त्यापेक्षा एसी बरा. पण बंद हवेत ह्यांना मळमळतं, म्हणून एसीची पट्टी मी नेहमी 'बाहेरची हवा' या बाजूला ठेवते. ही बारीकसारीक माहिती कंटाळवाणी वाटेल, पण पुढे सगळं घोडं इथेच अडलेलं होतं.

पहिल्यांदा वास आला तो टोलनाक्याच्या रांगेत. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. असतोही पुष्कळदा, दुसऱ्याच्या गाडीचा वास आपल्या गाडीत येतो. पण शुक्रवारी परत आला, तेव्हा पुढे ट्रक नव्हता.

"अहो, रबर जळतंय का हो?"

ह्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "कसला वास? काही नाही येत."

मंगळवारी पुन्हा तेच. माझं "येतोय" आणि ह्यांचं "नाही येत". रात्री बंगळूरहून मुलाचा फोन आला तेव्हा ह्यांनी त्याला सांगितलं, "तुझ्या आईला हल्ली गाडीत वास येतात." अनेकवचनात. मुलगा समजूतदार आहे, तो एवढंच म्हणाला, "आई, गाडी जुनी झाली. काढून टाका आणि भाड्याची लावा. तूही दमतेस." भाड्याच्या गाडीचा हिशेब मी केला होता. एका फेरीला दोन हजार, महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या. पेन्शनीतून न जमण्यासारखं नाही, पण मग बाकी काही जमलं नसतं. आणि मुलाकडे मागायचं ह्यांच्या मनात नव्हतं.

मला खरी धास्ती वेगळीच होती. एके रात्री अंथरुणावर पडल्या-पडल्या हे म्हणाले, "एखाद्या शुक्रवारी नाही गेलो तर काय होतंय?" मी म्हटलं, काय होतं ते डॉक्टरांनी आपल्याला समजावून सांगितलंय. त्यावर म्हणाले, "तुझी किती ओढाताण. आता तर भासही व्हायला लागले." म्हणजे गाडीतला तो वास, जो ह्यांच्या मते नव्हताच, तो डायलिसिस टाळण्याचं कारण व्हायला निघाला होता. त्या रात्रीनंतर तो वास कुठून येतो हे शोधणं मला भाग झालं.

वाहन परवान्याचं तुम्हाला ठाऊकच असेल. पंचावन्नच्या पुढे तो पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. डोळे बघतात, रंग ओळखता येतात का ते बघतात, ऐकू येतं का विचारतात. नाकाचं कोणी काही विचारत नाही. माझं नाक पास होतं की नापास, हे सांगणारा कागद माझ्यापाशी नव्हता.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. त्याने मला पहिला धडा दिला. "काकू, जळका वास म्हटलं की आधी चाकं बघायची. गाडी थांबवल्या-थांबवल्या उतरायचं आणि चारी चाकांजवळ जाऊन वास घ्यायचा. तळहात रिमच्या जवळ धरायचा, लावायचा नाही, भाजतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय." मी घरापाशी पोचल्यावर तसं केलं. भर दुपारी एक बाई वाकून-वाकून गाडीची चाकं हुंगतेय, हे गल्लीने पाहिलं. चारी चाकं सारखीच कोमट. मग त्याने सांगितलेली दुसरी परीक्षा घेतली. आमच्या दारापुढे किंचित उतार आहे, तिथे न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते का पाहायचं. सरकली. ब्रेक धरत असता तर अडली असती, किंवा चालवताना एका बाजूला ओढली असती.

क्लचप्लेट जळण्याचा वासही लोक रबराचाच समजतात, हे त्यानेच सांगितलं. पण तो घाटात, चढावर, अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली की येतो. आमच्या वाटेवर घाट नाही. शिवाय तो वास मला माहीत आहे, पसरणीचा घाट चढताना दुसऱ्यांच्या गाड्यांचा येतो, जळक्या कागदासारखा. इंजिनचं ऑइल गळून तापलेल्या नळीवर पडलं तर वास तेलकट येतो आणि थोडा धूरही दिसतो. कूलंट गळत असेल तर वास गोडसर. वायर जळत असेल तर प्लॅस्टिकचा, नाकाला झोंबणारा, आणि तो आला की मात्र विचार करत बसायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, किल्ली बंद करायची, आणि आधी माणसं उतरवायची. धूर दिसत असेल तर बॉनेटही आपण उघडायचं नाही, हवा मिळाली की आत भडका होतो. हे शेवटचं मी ह्यांच्यासाठी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, कारण डायलिसिसनंतर ह्यांना पटकन उठता येत नाही.

रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी उडून सायलेन्सरला चिकटते आणि आठवडाभर जळत राहते, हेही एक कारण असतं म्हणे. घरातला हातआरसा गाडीखाली धरून तेही पाहिलं. पिशवी नव्हती. एक शेंगदाण्याची चिक्की सापडली, ती गाडीखाली कशी गेली कोण जाणे.

मग गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिली. काउंटरवरच्या मुलाला मी हे सगळं सांगायला लागले, तर त्याने कॉम्प्युटरवर दोन शब्द टाकले आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेक चेक करायला टाकलंय." मी म्हटलं, ब्रेक मी तपासलेत. तो हसला. वाईट हसला नाही, आजीला हसतात तसं. दुसऱ्या दिवशी फोन आला. "गाडी एसी लावून फिरवून आणली, कसलाही वास नाही. पुढचे ब्रेक पॅड झिजले होते, बदललेत." बिल चार हजार तीनशे. पॅड झिजले होते हे खरं असावं, मला जुने दाखवले. तो मुलगा पुढे म्हणाला, "नवीन पॅडचा थोडे दिवस वास येईल, घाबरू नका."

आला. नवीन पॅड, नवीन क्लचप्लेट यांचा सुरुवातीला वास येतोच, त्यावरचा थर तापून उडतो. पण त्यामुळे झालं असं, की माझ्या वासाला आता अधिकृत उत्तर मिळालं. मी "येतोय" म्हटलं की हे म्हणायचे, "सांगितलंय ना त्याने, नवीन पॅडचा." आता गाडीत दोन वास होते. एक तापलेल्या धातूचा, जळक्या चिंधीसारखा, जाताना-येताना दोन्ही वेळा येणारा. दुसरा आईच्या चुलीतला, फक्त येताना. दोन आठवड्यांत पहिला गेला. दुसरा राहिला.

तेव्हा मी टाचणवही काढली. शिक्षकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते, रोज काय शिकवायचं ते आधी लिहून काढायची ती वही. छत्तीस वर्षं लिहिली, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पुन्हा आखली. रकाने केले: तारीख, जाताना की येताना, एसी, हवेची पट्टी, वेग, ठिकाण, वास किती. आठ फेऱ्यांची नोंद झाल्यावर चित्र स्वच्छ होतं. जाताना वास एकदाही नाही. येताना प्रत्येक वेळी, पण तोही निघाल्या-निघाल्या नाही, वीसेक मिनिटांनी, आणि वेग कमी झाला की जास्त.

पण इथे मी अडकले. येताना ऊनही असतं आणि एसीही असतो. मग वास उन्हाचा की एसीचा? आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या प्रयोगशाळेत मुलांवर ओरडायच्या, "एका वेळी एकच गोष्ट बदला!" मी मराठी-इतिहासवाली, शेजारच्या वर्गात बसून ते वाक्य हजार वेळा ऐकलेली. ह्यांना घेऊन एसीशिवाय भर दुपारी यायचं हे शक्य नव्हतं. म्हणून एका बुधवारी शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि साडेबाराला एकटी निघाले. पाचवड आणि परत, एसी बंद. घामाने भिजले, पण वास नाही. दुसरी फेरी, एसी चालू, पट्टी बाहेरच्या हवेवर. पाचवड फाट्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले आणि वास आला, अगदी ओळखीचा. लगेच पट्टी 'आतली हवा' कडे सरकवली. दोन-तीन मिनिटांत वास गेला. परत बाहेरच्या हवेवर घेतली, वास हजर.

मी रसवंतीच्या सावलीत गाडी लावली आणि वहीत लिहिलं. हात थरथरत होता, उन्हाने असेल. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या काठाला जी जाळी असते तिथून बाहेरची हवा गाडीत येते. म्हणजे वास बॉनेटखालचा होता, चाकांचा नव्हता. आणि एसीशी बांधलेला होता. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने गाडी सकाळच्या गारव्यात फिरवली असणार, आणि बहुतेक लोक फिरवतात तशी पट्टी आतल्या हवेवर ठेवून. त्याला वास येणार कुठून?

गुरुवारी दुपारी, मुद्दाम दुपारी, गाडी तापवून वाईतल्याच एका साध्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यांची धाकटी बहीण आमच्या शाळेत होती, त्यामुळे मी त्यांचीही 'बाई'च. त्यांच्या हातात मी वही दिली. त्यांनी हात पुसले, उभ्या-उभ्या पानं वाचली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही काम केलंयच. मला फक्त पाना फिरवायचाय." असं ते म्हणाले खरं, पण नुसतं पाना फिरवणं नव्हतं ते.

इंजिन चालू ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं. "पदर खोचा, नाहीतर दोन पावलं मागे व्हा." मी दोन्ही केलं. मग मला आत बसून एसी चालू-बंद करायला लावला. चालू केला की क्षणभर बारीक 'कुईं' असा आवाज व्हायचा. काचा लावलेल्या असताना तो मला कधीच ऐकू आला नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एका भागाला टेकवून त्यांनी मूठ कानाशी धरली, डॉक्टर नळी लावतात तशी. नंतर इंजिन बंद करून मला जवळ बोलावलं.

आमच्या गाडीत बेल्ट दोन आहेत. एक बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. दुसरा एसीच्या कॉम्प्रेसरचा. एसी बंद असताना हा दुसरा बेल्टही फिरतोच, पण त्याला काही ओढायचं नसतं, कॉम्प्रेसरची पुली मोकळी गरगरते. एसी लावला की पुली आतून पकडली जाते आणि बेल्टवर ओझं येतं. उन्हात, आणि गाडी रांगेत उभी असताना, म्हणजे समोरून वारा लागत नसताना, हे ओझं सगळ्यांत जास्त. बेल्ट ताणलेला ठेवायला मध्ये एक छोटी पुली असते, तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपून ते झिजलं होतं. बेल्ट काढून त्यांनी ती पुली माझ्या हाताने हलवून दाखवली. पडायला आलेल्या दातासारखी डुगडुगत होती, आणि फिरवली की किरकिर. पुली डुगडुगली म्हणून बेल्ट सैल, बेल्ट सैल म्हणून ओझं आलं की तो घसरायचा, घसरला की तापायचा. आतली बाजू पॉलिश केलेल्या बुटासारखी चकाकत होती. आजूबाजूला काळी भुकटी.

मी ती भुकटी बोटावर घेऊन हुंगली. आमची चूल.

"नुसता ताणून देऊ शकतो," ते म्हणाले, "पण चकाकी आलेला बेल्ट परत घसरतो. आणि जास्त ताणला तर बेअरिंग खातो. दोन्ही बदलूया." मी विचारलं, हा तुटला असता तर? मला वाटलं होतं काहीतरी भयंकर सांगतील. ते म्हणाले, "तुटला असता तर एसी बंद पडला असता. बहुतेक तेवढंच. पण तुकडा उडून शेजारच्या बेल्टमध्ये गेला असता, तर पाण्याचा पंप थांबला असता आणि गाडी हायवेवर तापून उभी राहिली असती. सरांना घेऊन." ह्यांना गावात सगळे सरच म्हणतात, नोकरी पाटबंधारे खात्यात झाली तरी.

नवा बेल्ट, पुलीचं बेअरिंग, मजुरी मिळून साडेबाराशे रुपये झाले. बसवल्यावर त्यांनी बेल्टच्या लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबून दाखवलं. साधारण बोटाच्या रुंदीच्या आत दबला पाहिजे, त्याहून जास्त नाही आणि अगदी तारेसारखाही नको. नवा बेल्ट थोडा सैलावतो, म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर परत दाखवायला सांगितलं.

जुना बेल्ट मी कागदात गुंडाळून घरी आणला. ह्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, वास घेऊन बघा. ह्यांनी नाकाशी धरला, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. "मला खरंच काही येत नाही गं," म्हणाले. स्वर वेगळा होता.

मी स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली. झाकण उघडून धरली. काही नाही. कापूर दिला. "थंड लागतं," म्हणाले, "वास नाही." गेले सात-आठ महिने हे वरण बेचव झालंय म्हणत होते, मी मीठ कमी घालते म्हणून चिडत होते. ह्यांना मीठ कमीच द्यायचं आहे, त्यामुळे मी त्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं, आणि ह्यांनाही ते उमगलेलं नव्हतं. वास गेला की चव निम्मी जाते. डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, किडनीच्या आजारात वासाची जाण कमी होऊ शकते, पुष्कळ रुग्णांना कळतही नाही. म्हणजे सात आठवडे गाडीत शेजारी-शेजारी बसून आम्ही भांडत होतो, आणि दोघंही आपापल्या नाकाशी प्रामाणिक होतो.

ह्यांनी मुलाला स्वतः फोन केला. मी आत होते, एकच वाक्य ऐकू आलं. "तिचं बरोबर होतं, बेल्ट होता." शुक्रवारच्या फेरीबद्दल त्यानंतर काही बोलले नाहीत, सकाळी पावणेसहाला चपला घालून दारात उभे होते.

आता घरात थोडे बदल केलेत. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात मर्केप्टन नावाचं उग्र द्रव्य मिसळतात. ज्याला हिंग कळत नाही त्याला तेही कळणार नाही. म्हणून मी बाहेर जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जाते आणि ह्यांचा दुपारचा चहा थर्मासमध्ये ठेवते. ह्यांना ते आवडत नाही. दूध नासलंय का हेही आता मीच बघते. वरणाला फोडणी जरा चढी देते, लसूण आणि मिरी जास्त. मीठ तेवढंच.

पाचशे किलोमीटर आठ फेऱ्यांतच झाले. गॅरेजवाल्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, किंचित ताणला, पैसे घेतले नाहीत. टाचणवही गाडीतच ठेवायला सांगितलं.